जेम्स होबन : राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाचे स्थपती

ज्युबिलीच्या स्मरणिकेत काय छापावे याचा एक क्रम आता ठरून गेला आहे. प्रथम बिशपमहोदयांचा आशीर्वाद, मग आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावली, मग देणगीदारांची यादी. ज्यांच्या हातांनी देवळाच्या भिंती उभ्या राहिल्या त्यांची नावे या क्रमात कोठेच बसत नाहीत. प्रस्तुत अंकाच्या निमित्ताने आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या पुन्हा एकदा चाळल्या. देणगीदारांची नावे गावासह व रकमेसह सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आढळली. कामकऱ्यांच्या बाजूस मात्र ‘गवंडी ४, बिगारी ९’ एवढाच उल्लेख. ते चार कोण व ते नऊ कोण, हे सांगणारा मनुष्य आता हयात नाही.

संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेखाची मागणी केली तेव्हा ही वही आमच्यापुढे उघडी होती, आणि म्हणूनच एका बांधकाम करणाऱ्या माणसाचे चरित्र लिहावे असे आमच्या मनाने घेतले. हा मनुष्य आमच्या देशाचा नव्हे. तो आयर्लंडात जन्मला, अमेरिकेत जाऊन राहिला, आणि त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान, ज्यास आज सारे जग व्हाइट हाउस या नावाने ओळखते, ते त्याने बांधले. तो कॅथलिक होता, आणि त्याच कामावरील मजुरांसाठी जो धर्मग्राम स्थापन झाला त्याच्या उभारणीत त्याचा वाटा होता. धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या अंकात त्याची कथा यावी यास एवढे कारण पुरेसे आहे. परंतु ती कथा सर्वस्वी गौरवाची नाही, हे वाचकांस आरंभीच सांगून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटते.

जेम्स होबन याचा जन्म इ. स. १७५५ च्या सुमारास किल्केनी परगण्यातील कॅलन गावानजीक झाला. डेझर्ट कोर्ट नावाच्या एका जमीनदारी वाड्याच्या मालमत्तेवर त्याचे आईबाप कुळे म्हणून राहत असत. त्या काळी आयर्लंडातील कॅथलिकांची स्थिती कशी होती, हे जाणल्याखेरीज या मुलाच्या आयुष्याचा अर्थ लागणार नाही. इंग्रजी राज्याने केलेल्या जाचक कायद्यांन्वये कॅथलिकास जमीन विकत घेता येत नसे, सरकारी अधिकाराची जागा मिळत नसे, पार्लमेंटात बसता येत नसे. देशातील बहुसंख्य प्रजा कॅथलिक, परंतु जमीन व अधिकार यांची मालकी प्रॉटेस्टंट जमीनदारांकडे, असा तो विपरीत प्रकार होता. या बंधनांपैकी काही इ. स. १७७८ पासून सैल होऊ लागली; पार्लमेंटाचे दार मात्र १८२९ साली उघडले. अशा देशात कुळाच्या मुलाने हातात कसब घ्यावे, यापलीकडे त्याला फारसा मार्ग नव्हता. जेम्स सुतारकाम शिकला. गाड्यांची चाके करण्याच्या कामातही त्याचा हात तयार झाला.

पुढे तो डब्लिन शहरी गेला. तेथील डब्लिन सोसायटी या संस्थेने नकाशे व आराखडे काढण्याची एक शाळा चालविली होती व तिच्यात शिकणाऱ्यांकडून फी घेतली जात नसे. थॉमस आयव्हरी नावाचे नामांकित स्थपती तेथे शिकवीत. इ. स. १७८० मध्ये होबनला त्या संस्थेचे पदक मिळाले. कशाबद्दल? कोणत्या राजवाड्याच्या अगर देवालयाच्या चित्राबद्दल नव्हे. घोडे म्हणजे ब्रॅकेटे, जिने, छपरे इत्यादींच्या रेखाटनांबद्दल. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. इमारतीचे दर्शनी सौंदर्य कोणीही कागदावर रंगवील, पण जिना कोठून चढतो आणि छपराचा भार कोणत्या भिंतीवर उतरतो हे ज्याला कळते तोच इमारत उभी करू शकतो.

डब्लिनमध्ये त्या वेळी लेन्स्टर हाउस नावाचा एक भव्य वाडा उभा होता. इ. स. १७४५ ते १७४८ च्या दरम्यान तो बांधणारे रिचर्ड कॅसल्स हेही परदेशातून, म्हणजे जर्मनीहून, आयर्लंडात येऊन स्थायिक झालेले गृहस्थ होते. मधोमध चार स्तंभांवर त्रिकोणी शिखर आणि दोन्ही बाजूंस खिडक्यांच्या सरळ रांगा, अशी त्या वाड्याची दर्शनी ठेवण आहे. ती तरुण होबनच्या डोळ्यांत भरून राहिली असली पाहिजे, कारण पुढे समुद्रापलीकडे तिनेच पुन्हा डोके वर काढले. आता त्याच वाड्यात स्वतंत्र आयर्लंडचे पार्लमेंट भरते.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर होबन समुद्रापार गेले. इ. स. १७८५ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात त्यांनी जाहिरात दिली, ती अशा आशयाची की, नव्या पद्धतीचे सुंदर घर बांधू इच्छिणाऱ्यांनी आपणांस काम द्यावे. तेथे जम बसला नाही असे दिसते, कारण दोन वर्षांत ते दक्षिणेस साउथ कॅरोलिना संस्थानातील चार्ल्सटन बंदरी गेलेले आढळतात. तेथे पिअर्स पर्सेल नावाच्या आयरिश सुताराबरोबर भागीदारीत त्यांनी धंदा मांडला व रात्री आराखडे शिकविण्याची शाळाही काढली. ज्याने स्वतः फुकट शाळेत विद्या मिळविली त्याने परदेशी गेल्याबरोबर शाळा काढावी, हे त्या विद्येचे ऋण फेडणेच होय. त्याच सुमारास, १७८९ साली, चार्ल्सटनच्या मूठभर कॅथलिकांनी एक जुनी इमारत घेऊन आपले पहिले देऊळ सुरू केले. १७९० च्या घटनेने त्या संस्थानात कॅथलिकांस धर्माचे पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. होबन यांच्या मायभूमीत ज्यासाठी आणखी एकोणचाळीस वर्षे झगडावे लागणार होते, ते येथे एका कलमाने झाले.

इ. स. १७९१ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दक्षिणेच्या दौऱ्यावर असता चार्ल्सटनला आले, आणि तेथील प्रतिष्ठित मंडळींकडून त्यांच्या कानी होबन यांचे नाव गेले. पोटोमॅक नदीच्या काठी नवी राजधानी वसवावयाची होती व तिच्यात राष्ट्राध्यक्षांसाठी निवासस्थान बांधावयाचे होते. १७९२ च्या मार्चमध्ये आराखड्यांची स्पर्धा जाहीर झाली. बक्षीस पाचशे डॉलर अथवा तितक्याच किमतीचे पदक. जून महिन्यात वॉशिंग्टन यांनी राजधानीच्या कमिशनरांस पत्र लिहून होबन यांची ओळख करून दिली. हा मनुष्य डब्लिनच्या उत्तम इमारतींवर राबलेला आहे, कसबी कारागीर दिसतो, आणि त्याच्यापाशी स्वतःची पुष्कळ माणसे आहेत, असा त्या पत्राचा भाव होता. ‘स्वतःची माणसे’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत; आम्ही त्यांकडे पुढे वळणार आहो.

जुलैच्या मध्यावर आलेले नकाशे वॉशिंग्टन यांनी स्वतः पाहिले व होबन यांचा नकाशा पसंत केला. होबन यांनी बक्षिसादाखल सुवर्णपदक मागून घेतले. वर्षाला तीनशे गिनी वेतन ठरले. वॉशिंग्टन यांनी आराखडा सुमारे एकपंचमांशाने वाढविण्यास सांगितले. उलट दगडाची टंचाई पाहून तीन मजल्यांऐवजी तळघरावर दोनच मजले करण्याचे ठरले. ज्या तीन कमिशनरांच्या हाताखाली हे काम चालले त्यांपैकी एक डॅनियल कॅरोल. हे अमेरिकेचे पहिले बिशप जॉन कॅरोल यांचे वडील बंधू, व अमेरिकेच्या घटनेवर सही करणाऱ्या दोन कॅथलिकांपैकी एक होत.

कोनशिला १३ ऑक्टोबर १७९२ रोजी बसविली गेली. तो समारंभ फ्रीमेसन मंडळींनी आपल्या विधीप्रमाणे केला. आणि येथे आमच्या लेखणीस पहिली अडचण येते, ती ही की होबन स्वतः फ्रीमेसन होते. इतकेच नव्हे, तर १७९३ साली राजधानीत त्या पंथाची जी पहिली शाखा निघाली तिचे ते पहिले प्रमुख झाले. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ साली आणि चौदावे बेनेडिक्ट यांनी १७५१ साली कॅथलिकांस या गुप्त मंडळीत जाण्याची सक्त मनाई केली होती. तेव्हा हे कसे? सेमिनरीत असता आम्हीही हा प्रश्न गुरुजनांस विचारला असता, पण तेथे होबन यांचे नाव कोणी काढले नाही. वस्तुस्थिती अशी की, आयर्लंडात त्या आज्ञापत्रांचा अंमल फार सैल होता आणि अनेक नावाजलेले कॅथलिक त्या मंडळीत होते. कॅथलिकांच्या हक्कांसाठी पुढे अजरामर झालेले डॅनियल ओकॉनेल हेही तरुणपणी तिचे सभासद होते व नंतर तिच्यातून बाहेर पडले. यामुळे होबन निर्दोष ठरतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु ज्या वर्षी ते शाखाप्रमुख झाले त्याच्या पुढल्याच वर्षी ते एका देवळाच्या पायाभरणीसही हातभार लावीत होते, आणि या दोन गोष्टींत त्यांना काही विसंगती दिसली असल्याचे चिन्ह नाही.

ते देऊळ म्हणजे संत पॅट्रिकचे. राष्ट्राध्यक्षांचे घर आणि कॅपिटल ही विधिमंडळाची इमारत, या दोन्ही कामांवर आयरिश कामकऱ्यांची मोठी संख्या होती. जंगल तोडून नुकत्याच आखलेल्या त्या शहरात त्यांना मिस्सा ऐकण्याची सोय नव्हती. इ. स. १७९४ साली डॉमिनिकन संघाचे आयरिश धर्मगुरू फादर अँथनी कॅफ्री यांनी त्यांच्यासाठी धर्मग्राम स्थापन केला. नव्या राजधानीच्या मूळ हद्दीतील तो पहिला. प्रथमचे देऊळ लाकडाचे व लहानसे होते. पुढे फादर विल्यम मॅथ्यूज यांच्या कारकिर्दीत, १८०९ साली, विटांचे मोठे देऊळ झाले. हे फादर मॅथ्यूज तेथे पन्नास वर्षे, १८०४ पासून १८५४ पर्यंत, धर्मगुरू होते. आमच्यासारख्यास, दर काही वर्षांनी ज्याची बदली होते, त्यांचा थोडा हेवा वाटल्यास क्षमा असावी. सध्या उभे असलेले देऊळ १८८४ चे आहे.

आता कामाकडे वळू. दगड व्हर्जिनियातील अक्विया खाडीच्या खाणींतून नावांनी येई. तो करडा, मऊ, वाळूचा दगड. टाकीखाली चांगला उतरतो, पण पाणी शोषतो व थंडीत गोठून फुटतो. म्हणून १७९८ साली भिंतींस चुन्याचा जाड थर देण्यात आला, आणि तेव्हापासून ते घर पांढरे दिसू लागले. इंग्रजांनी ते जाळल्यावर काळेपणा झाकण्याकरिता पांढरा रंग दिला, अशी जी कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात ती खरी नाही. दगडावरील कोरीव काम स्कॉटलंडच्या एडिंबरो शहराहून आलेल्या पाथरवटांनी केले. उत्तरेच्या मुख्य दारावरील पानाफुलांच्या माळा त्यांच्या हातच्या. विटा तेथेच आवारात भाजल्या जात. घराची लांबी १६८ फूट व रुंदी सुमारे ८५ फूट. खर्च सुमारे २,३२,००० डॉलर झाला.

आणि गुलाम. खाणीत दगड फोडण्यास, झाडे तोडून लाकूड चिरण्यास, विटा पाडण्यास आफ्रिकी वंशाचे गुलाम लावले गेले. कमिशनर त्यांच्या धन्यांशी करार करीत; वर्षाकाठी एका माणसाचे सुमारे साठ डॉलर धन्याच्या हाती पडत, आणि राबणाऱ्यास अन्न मिळे. सुतारांचे हजेरीपट अद्याप जतन करून ठेवलेले आहेत. त्यांत आडनावे असलेल्या गोऱ्या सुतारांच्या बरोबरीने पीटर, बेन, डॅनियल अशी नुसती नावे येतात. हे तिघे सुतार होते, कसबी होते. त्यांची मजुरी ज्यास मिळे तो त्यांचा धनी म्हणजे जेम्स होबन. वॉशिंग्टन यांच्या पत्रातील ‘स्वतःची माणसे’ या शब्दांत चार्ल्सटनच्या त्या बाजारात विकत घेतलेली माणसेही येत असतील, हे उघड आहे.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्ही हा विषय सोडून देण्याच्या बेतात होतो. ज्याच्या आईबापांस स्वतःच्या धर्मामुळे जमिनीचा तुकडा विकत घेता येत नव्हता, त्याने माणूस विकत घ्यावा! जुलूम सोसलेल्या मनुष्याचे अंतःकरण आपोआप कोवळे होते असे आम्ही प्रवचनांतून पुष्कळदा सांगितले आहे. होबन यांचे चरित्र वाचल्यापासून ते वाक्य आमच्या तोंडून पूर्वीसारखे निघत नाही. ‘काळच तसा होता’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच काळी, त्याच देशात, क्वेकर पंथाच्या लोकांनी आपल्यातील गुलाम ठेवणाऱ्यांस मंडळीबाहेर घातले होते; तेव्हा ती गोष्ट कोणास दिसतच नव्हती असे नाही. आमच्या बाजूचा हिशेब याहून वाईट आहे. बिशप जॉन कॅरोल यांच्या पदरी गुलाम होते. मेरीलँडच्या येशूसंघीयांनी १८३८ साली २७२ स्त्रीपुरुष व मुले विकून टाकली व त्या पैशातून आपल्या जॉर्जटाउन येथील विद्यालयाचे कर्ज फेडले. पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा कडक निषेध केला तो त्याच्या पुढल्या वर्षी. होबन तेव्हा मरून आठ वर्षे झाली होती. पीटर, बेन व डॅनियल यांचे पुढे काय झाले याचा शोध आम्हांस लागलेला नाही.

घर १८०० सालच्या १ नोव्हेंबरला राहण्यास खुले झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स तेथे आले तेव्हा पुष्कळ खोल्या अपुऱ्या होत्या, आणि त्यांच्या पत्नी पूर्वेकडील मोठ्या दिवाणखान्यात धुतलेले कपडे वाळत घालीत. होबन यांनी दरम्यान कॅपिटलच्या कामावरही देखरेख केली, तोफखान्याच्या स्वयंसेवक पथकाचे कप्तानपद घेतले, आणि १७९९ च्या जानेवारीत सुझाना सुएल यांच्याशी विवाह केला. त्यांना दहा अपत्ये झाली. शहराच्या नगरमंडळातही ते बसू लागले. ज्याच्या बापास मायदेशी कसलाही अधिकार नव्हता, तो राजधानीचा नगरपिता झाला.

मग १८१४ साल उजाडले. इंग्लंड व अमेरिका यांच्यामध्ये युद्ध चालू होते. २४ ऑगस्टच्या रात्री इंग्रजी फौजेने राजधानीत शिरून राष्ट्राध्यक्षांचे घर पेटविले. दुसऱ्या दिवशी मोठे वादळ होऊन पाऊस कोसळला, परंतु तोवर आत काही उरले नव्हते. उभी राहिली ती दगडाची कवटी. होबन साठीला टेकले होते. ज्या माणसाने तरुणपणी इंग्रजी कायद्याखालून निसटून हे घर बांधले, त्याला ते इंग्रजांनीच जाळलेले पाहावे लागले. घर जसे होते तसेच पुन्हा बांधावे, असा हुकूम झाला आणि काम त्यांच्याकडेच आले. तडकलेला भाग त्यांनी उतरविला, टिकला तो ठेवला. पहिल्या खेपेस आठ वर्षे लागली होती; या खेपेस तीनच वर्षांत, १८१७ च्या शरदऋतूत, राष्ट्राध्यक्ष मन्रो तेथे राहावयास आले. ही घाई फुकट गेली नाही, तशी ती फुकट मिळालीही नाही: वेळ वाचविण्यासाठी आतील काही भिंती विटांऐवजी लाकडाच्या केल्या होत्या.

त्यानंतर १८२४ साली दक्षिणेकडील अर्धगोल स्तंभमंडप व १८२९–३० मध्ये उत्तरेकडील मोठा द्वारमंडप त्यांनीच बांधला. या मंडपांच्या कल्पनेत बेंजामिन लट्रोब या इंग्लंडहून आलेल्या स्थपतींचाही वाटा होता. लट्रोब होबन यांच्या नकाशास नावे ठेवीत. कॅपिटलचा नकाशा करणारे विल्यम थॉर्नटन वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेले, आणि शहर आखणारे लांफां फ्रेंच. अशा परस्परांशी न पटणाऱ्या परदेशस्थांनी ती राजधानी उभारली आहे.

जेम्स होबन ८ डिसेंबर १८३१ रोजी, पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, वारले. त्यांस प्रथम संत पॅट्रिकच्या देवळाच्या जागेत पुरले. १८६३ साली अस्थी माउंट ऑलिव्हेट दफनभूमीत हलविण्यात आल्या.

इ. स. १९४८ मध्ये त्यांचे घर पुन्हा मोडकळीस आल्याचे आढळले. वारंवार केलेल्या फेरफारांनी व वर चढविलेल्या भाराने आतील जुन्या भिंती व तुळया खचल्या होत्या. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन दुसरीकडे राहावयास गेले, १९५२ पर्यंत काम चालले, आणि आतील सारे काढून लोखंडी सांगाडा घातला गेला. होबन यांच्या बाहेरच्या भिंती मात्र जागच्या जागी ठेवल्या. त्या कामात १७९२ ची कोनशिला काही सापडली नाही. सापडल्या त्या दगडांच्या आतल्या अंगास कोरलेल्या पाथरवटांच्या खुणा: कोणाचा त्रिकोण, कोणाची बाणासारखी रेघ. आपण किती दगड घडविले याची मोजणी व्हावी म्हणून त्यांनी त्या घातल्या होत्या. विटा भाजणाऱ्यांना अशी खूण घालण्याचे कारण नव्हते. त्यांची मोजणी धन्याच्या नावे होत असे.